शिवणीची फळी

"हा माणूस पान्यावर उभा हाये?" रुपरावांनी ते फोटोचं कात्रण आधी डोळ्यांजवळ नेलं, मग हात लांब करून धरलं, मग उलटून मागची साबणाची जाहिरातही बघून घेतली. "मंग बुडत काहून नाई?"

"फळी आतून पोकळ हाये," मधुकरराव म्हणाले. "अकरा फूट लांब, दोन फूट रुंद. अन् वजन इतकंच का एका माणसानं काखेत मारून पळत सुटलं पाह्यजे. सर्फबोर्ड म्हणतेत तिकडं."

तिकडं म्हणजे कुठे, असं मी विचारलं. ऑस्ट्रेलिया, असं उत्तर आलं आणि मला हसू फुटलं. नागपुरातून कुठल्याही दिशेला निघा, समुद्राचं तोंड बघायला रात्रभर गाडीत बसावं लागतं. आणि हे गृहस्थ लकडगंजाच्या मागच्या गल्लीत, माझ्या बहिणीच्या अंगणात बसून, लाटांवरून घसरायची फळी मागत होते.

वच्छलाताई माझी थोरली बहीण, आणि रुपराव तिचे यजमान. अडुसष्ट साली मौद्याहून माझी बदली नागपूरच्या कचेरीत झाली तेव्हा खोली मिळेपर्यंत म्हणून मी त्यांच्याकडे उतरलो. ती खोली मला पुढे अकरा वर्षं मिळाली नाही, यावरून माझा स्वभाव काय तो समजा. सकाळी कचेरी, संध्याकाळी अंगणात बसून भाऊजींच्या कामात खोड्या काढणं, असा माझा दिनक्रम होता.

मधुकररावांना मात्र हसणं मानवलं नाही. चौदा वर्षं नौदलात काढून आलेला हा माणूस रोज सकाळी शुक्रवारी नावाच्या तलावावर आखाड्याच्या पोरांना पोहायला शिकवायचा. लाटा त्यांना नकोच होत्या. आदल्या वर्षी अनंत चतुर्दशीला एक तरुण गणपतीबरोबर खोल पाण्यात गेला होता. तिथली होडी जड, काठाशी गाळ आणि निर्माल्य, ती सुटेपर्यंत वेळ गेला. मधुकरराव पोहत पोचले, त्याला धरलंही. पण त्या बुडत्या माणसानं त्यांच्या गळ्याला अशी मिठी मारली की दोघंही खाली जायला लागले. मिठी सोडवताना हात सुटला, तो सुटलाच. हे सांगताना ते आमच्याकडे न बघता आपल्या पंजाकडे बघत होते.

"त्याले कशावर तरी टाकता आलं असतं तर आला असता," ते म्हणाले.

पण मग त्यांना एवढ्या लकडगंजात दुसरा कोणी सुतार कसा मिळाला नाही, हा प्रश्न माझ्या मनात होताच. त्याचं उत्तर तान्ह्या पोळ्यात होतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या भागात पोरांचा पोळा भरतो. लाकडी नंदी सजवून, त्याला चाकं लावून, पोरं तो ओढत घरोघर नेतात. मधुकररावांची पुतणी, वय वर्षं पाच, आपल्या छातीएवढा नंदी एका बोटानं ओढत चालली होती. त्यांनी तो उचलून पाहिला आणि कोणी केला ते विचारत विचारत इथवर आले.

रुपरावांचे नंदी पोकळ असत. अखंड लाकूड कोरून बैल करणारे पुष्कळ होते. रुपराव आधी आत फासळ्या उभ्या करायचे आणि वरून पातळ पट्ट्या चढवायचे. रंग लागला की सांधा शोधूनही सापडू नये. पण नंदी वर्षातून एकदा. उरलेले महिने पोळपाट, पाट्या, रवी. गल्लीत त्यांना बैलवाले म्हणत आणि ते ऐकून घेत.

त्याआधी पोळ्यापुरते नंदी सोडले तर ते बंड्या करत, म्हणजे बैलगाड्या. पारशिवनीपासून मौद्यापर्यंत त्यांच्या हातच्या बैलबंड्या धावत होत्या. मग बाबारावांच्या कारखान्यात लाकूड कापायच्या आरामशीनवर उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. ही दोन बोटं गेली की लाकूड तासायचा वाकस घट्ट धरवत नाही. बाबाराव वाईट माणूस नव्हते. दवाखान्यात रोज यायचे. पण हात बरा झाल्यावर त्यांनी समजावणीच्या सुरात सांगितलं, रुपराव, आता माणसाच्या भाराचं काम तुम्ही करू नका, खेळण्यांचं पाहा. त्या दिवसापासून त्यांना कोणी मिस्त्री म्हटलं नव्हतं.

मी भाऊजींच्या वतीनं उत्तर देऊन टाकलं की इथे बैल होतात, जहाज होत नाही. रुपरावांनी मला हातानं थांबवलं आणि मधुकररावांना विचारलं, "म्हंजे जिता माणूस झोपन याच्यावर?"

"मी झोपीन. अन् येताना अजून एक राहीन."

रुपरावांनी कात्रण घडी करून टोपीत ठेवलं. ते 'हो' म्हणाले नाहीत, पण टोपीत गेलेली गोष्ट त्या घरात झाली असंच समजायचं. संध्याकाळी जेवताना ताईनं आणि मी दोघांनी मिळून त्यांची यथेच्छ टर उडवली. ती म्हणाली, अंगणात विहीरसुद्धा नाही आणि चालले समुद्रावर. ते हसले, भाकरी मोडली आणि ताटाकडे बघत म्हणाले, "बारा वर्षं झाली वामनराव, माह्या हातच्या लाकडावर माणूस बसला नाई."

माझ्या तोंडात घास होता. तो मी बराच वेळ चावत बसलो.

लाकूड शिवणीचं घ्यायचं हे त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवलं. शिवण हलकी, आणि पाण्यानं फारशी फुगत नाही. पारशिवनीकडच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर वाळून पडलेलं झाड होतं, ते त्यांनी स्वतः जाऊन, कान लावून, ठोकून पारखून आणलं. मग फासळ्या. मधोमध एक लांब कणा, त्याला दोन्ही बाजूंनी पातळ फासळ्या, आणि त्यांना भोकंच भोकं, लाकूड कमी व्हावं म्हणून. अंगणात तो सांगाडा उभा राहिला तेव्हा येणारे जाणारे थांबून हा कसला बैल म्हणून विचारायचे. ताई सांगायची, हा बिनपायाचा आहे.

पाण्यात न सुटणारा गोंद मुंबईहून मागवावा लागला. त्याचं पत्र मी लिहिलं, इंग्रजीत, आणि या सगळ्या उद्योगात माझा हातभार तेवढाच. बाकी मी खाटेवर बसून बघत होतो. पण बघता बघता माझी थट्टा कमी होत गेली हे कबूल केलं पाहिजे. तीन बोटांचा तो हात रंध्यावर असा फिरायचा की लाकडाचा पापुद्रा कागदासारखा निघून जमिनीवर गुंडाळी व्हायची. पट्टी दोन सूत जाडीची करायची, म्हणजे पाव इंच. ते डोळे मिटून दोन्ही बाजूंनी अंगठा फिरवायचे आणि कुठे केसभर जास्त आहे ते सांगायचे. मी एकदा मोजपट्टी लावून तपासलं. परत लावली नाही.

पट्ट्या चुलीच्या धगीवर वाकवल्या, ओल्या फडक्यानं भिजवत. सांधे जुळवले, जवसाचं तेल आणि राळ कढवून चार हात दिले. ताईच्या स्वयंपाकघराला महिनाभर जवसाचा वास येत होता. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात फळी तयार झाली. पिठाच्या गिरणीतल्या काट्यावर वजन केलं, साडेतेरा किलो. मधुकररावांनी ती काखेत मारली आणि गल्लीच्या टोकापर्यंत पळत जाऊन परत आले. वीस वर्षांच्या पोरासारखे दिसत होते.

दोन दिवसांनी तलावावर न्यायचं ठरलं. तेवढ्यात शेवटचा हात नीट वाळावा म्हणून रुपरावांनी ती अंगणात उन्हाला ठेवली. शेजारी खाटेवर ताईनं काडीवर वळलेले गव्हाचे सरगुंडे वाळत होते. रविवार होता, मी आत पडलो होतो. दोनच्या सुमाराला बाहेर बार उडाल्यासारखा आवाज झाला. ताईला वाटलं, कुणाच्या सायकलचा टायर गेला. मी बाहेर आलो तर सरगुंडे जागेवर होते आणि फळी कडेनं हातभर उकलली होती. आतल्या दोन फासळ्या निखळून वाकड्या दिसत होत्या.

रुपराव तिच्याजवळ उकिडवे बसले. त्यांनी त्या फटीत बोट घातलं, बाहेर काढलं, पुन्हा घातलं. त्या उन्हात ते तासभर बसून होते. जेवायला उठले नाहीत. मी माझ्या समजुतीनं त्यांना धीर दिला, म्हणजे वाट्टेल ते बोललो. म्हटलं, गोंदच वाईट असेल, मधुकररावांना मी समजावतो, नाद सोडून द्या, पोळ्याचं काम डोक्यावर आहे. त्यांनी वर बघितलं. बाबारावांचं बोलणं खरं ठरलं असं त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं, आणि मीही नेमकं तेच बोललो होतो. आजही ते आठवलं की मला माझी लाज वाटते.

"अरे, बैल तर कधी फुटला नाई ना," ते संध्याकाळी एकदम म्हणाले.

ते उठले, माळ्यावर चढले आणि गेल्या वर्षीचा उरलेला एक नंदी खाली घेऊन आले. उलटा केला. पोटाखाली करंगळीएवढं भोक होतं. प्रत्येक नंदीला असायचं. त्यांचे वडील नानाजी यांनी घालून दिलेला नेम होता तो. पोटाला भोक ठेवल्याशिवाय नंदी घराबाहेर काढायचा नाही, देवाचा जीव आहे, त्याला दम घ्यायला जागा पाहिजे. नानाजी भोक पाडताना नंदीच्या कानात काहीतरी पुटपुटायचे आणि रुपरावही न चुकता ते करायचे. फळीला मात्र भोक ठेवलं नव्हतं. फळी काही देव नव्हती, आणि पाण्यात जायच्या वस्तूला भोक कोण ठेवील?

त्यांनी त्या नंदीच्या पोटातल्या भोकात खुंटी ठोकली आणि वरून गोंद भरला. ताईच्या लक्षात आलं तेव्हा तिचा धीर सुटला. रंगवलेला, पुजलेला नंदी उन्हात फोडायला ठेवायचा म्हणजे काय, घरावर काही संकट यायचं, असं म्हणत ती तुळशीपाशी जाऊन बसली. रुपरावांनी तिची समजूत घातली नाही. नंदीला हात जोडले, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला अंगणाच्या मधोमध ठेवला आणि स्वतः ओट्यावर बसून राहिले. मी कचेरीत अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारण लिहिलं पोटदुखी.

एक वाजून गेला. मग टक्क असा आवाज आला, आणि नंदीच्या पाठीवरचा सांधा मानेपासून वशिंडापर्यंत उघडला.

आपलं काम फुटलेलं बघून हसणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. रुपराव हसत हसत रडत होते. "माह्या बापाले मालूम होतं वामनराव," ते म्हणाले. "आतली हवा तापते अन् फुगते. तिले बाहेर जाले जागा पाह्यजे. त्यानं मले देवाचं नाव सांगून लाकडाचं शिकवलं, अन् मी चाळीस वर्षं पूजाच करून राहिलो."

आता प्रश्न असा की भोक ठेवायचं, पण पाण्यात ते बंद झालं पाहिजे, आणि घट्ट बंद झालं पाहिजे. रुपराव दोन दिवस घरात फिरून प्रत्येक वस्तूचं झाकण उघडून बघत होते. तिसऱ्या दिवशी ताईला स्टोव्हच्या टाकीचं पितळी बूच सापडेना. ते आट्यांसकट, वायसरसकट, भाऊजींच्या पेटीत निघालं. आठवडाभर ती चुलीवर फुंकत होती, आणि प्रत्येक फुंकीला तिनं काय काय म्हटलं ते मी इथे लिहीत नाही. पण बूच परत माग, असं मी सुचवलं तेव्हा तिनं मलाच झापलं.

फुटलेली फळी जोडता आली असती. मधुकररावही तेच म्हणाले. रुपरावांनी ऐकलं नाही. जोडलेल्या लाकडावर माणूस घालणार नाही, एवढंच ते म्हणाले आणि नव्यानं कणा तासायला घेतला. जून गेला, जुलै गेला. श्रावण लागला आणि पोळा तोंडावर आला तरी अंगणात एकही नंदी उभा नव्हता. लोक यायचे, विचारायचे, मान हलवत परत जायचे. जरीपटका भागातला एक दुकानदार दोनदा येऊन गेला. रुपराव सगळ्यांना हात जोडत. हे वर्ष गेलं की नेहमीची गिऱ्हाइकं दुसरीकडे वळणार हे त्यांना कळत होतं, मलाही कळत होतं. या वेळी मी तोंड बंद ठेवलं.

पोळ्याच्या चार दिवस आधी बाबाराव स्वतः आले. त्यांच्या दुकानातही रुपरावांचेच नंदी विकायला असत. तणतणतच आत शिरले, आणि अंगणात आडव्या ठेवलेल्या फळीपाशी त्यांचं बोलणं अर्धवट राहिलं. त्यांनी वाकून एका डोळ्यानं कडेची रेघ पाहिली. बोटाच्या पेरानं मधोमध ठोकलं, मग टोकाला ठोकलं. हात सबंध लांबीवरून फिरवला. लाकडात हयात घालवलेला माणूस होता तो, त्याला कोणी काही सांगायची गरज नव्हती.

"किती सूत ठेवलं, मिस्त्री?" त्यांनी विचारलं.

"दोन," रुपराव म्हणाले.

बाबाराव चहा न घेता निघून गेले. ताई आतून चहा घेऊन आली आणि कोणाला द्यावा ते न कळून कपबशी धरून उभी राहिली. रुपरावांनी तिच्या हातून ती घेतली आणि सगळा चहा एका दमात प्यायले. मी त्या क्षणी इतका खूश झालो होतो की माझे भाऊजी आहेत हे, असं गल्लीत जाऊन ओरडावंसं वाटलं.

गणपती बसायच्या आदल्या दिवशी, पहाटे उजाडल्या उजाडल्या, आम्ही फळी शुक्रवारी तलावावर नेली. आखाड्याची दहा बारा पोरं होती, मधुकरराव चड्डीवर तयार होते, आणि न बोलावता ताईही डोक्यावर पदर घेऊन पायऱ्यांवर येऊन बसली होती. रुपरावांनी फळी पाण्यात ठेवली, ती गार होईस्तोवर थांबले, मग भोकाला बसवलेलं स्टोव्हचं बूच आवळलं. मधुकरराव पुढे झाले तसा रुपरावांनी त्यांचा दंड धरला.

"आमच्यात नवी बंडी जोतली का पहिल्या फेरीले बनवणाराच बसते," ते म्हणाले. "मोडली तर त्याचं मोडलं पाह्यजे."

मधुकररावांनी विचारलं, तुम्हाला पोहता येतं का. येत नव्हतं. गुडघाभर पाण्याच्या पुढे ते जन्मात गेले नव्हते. मधुकरराव चिडले. म्हणाले, बंडी जमिनीवर मोडते आणि ही पाण्यावर मोडेल, हा काय हट्ट. मीही बोललो, पोरंही बोलली. सगळ्यांनी ताईकडे बघितलं, कारण आता तीच अडवणार. ती पायरीवरून उठलीसुद्धा नाही.

"जाऊ द्या याईले," ती म्हणाली. "याईच्या बंडीत बसूनच मी या घरात आली. तवा बी पहिले हेच बसले होते."

रुपरावांनी सदरा काढून तिच्याकडे दिला, धोतर वर खोचलं आणि पोटावर फळीवर पडले. फळी जराशी दबली आणि तशीच राहिली. मधुकररावांनी मागून ढकललं आणि स्वतः बाजूनं पोहत निघाले. फळी काठापासून दूर जायला लागली. साठीला आलेला, पाण्याला घाबरणारा माझा मेहुणा तलावाच्या मधोमध चालला होता. दोन्ही हातांनी कडा धरलेल्या, मान ताठ. मग हळूहळू मान खाली आली आणि त्यांनी गाल लाकडाला टेकवला. झोपल्यासारखे दिसत होते. ते आत पाणी गळतंय का ते ऐकत होते, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

"काही आवाज नाई," परत आल्यावर ते म्हणाले. त्यांचे दात वाजत होते. ताईनं पदरानं त्यांचं डोकं पुसलं, सगळ्यांच्या देखत, आणि दोघांनाही त्याचं भान नव्हतं.

अनंत चतुर्दशीला तलावावर माणूस मावत नव्हता. लेझीम, ढोल, गुलाल. मधुकररावांनी दुपारपासून फळी घाटाच्या पायऱ्यांवर सावलीत, बूच आवळून, उभी करून ठेवली होती. काही होऊ नये असंच मी मनात म्हणत होतो. खोटं कशाला सांगू, दर थोड्या वेळानं त्या फळीकडे बघतही होतो. रुपराव तिच्याजवळून हलले नाहीत.

चारच्या सुमाराला समोरच्या बाजूला एका मंडळाची मोठी मूर्ती पाण्यात उतरवताना कलली. आठ दहा जणांनी हात सोडले. एक जण राहिला. धिप्पाड माणूस, मूर्तीच्या पाटाला बांधलेल्या दोरात त्याचा हात अडकला होता आणि पाट उतारावरून आत सरकत गेला. काठावरचे ओरडले तेव्हा त्याचं फक्त डोकं दिसत होतं, मग तेही दिसेना.

मधुकरराव तोवर घाटावरून अर्धं अंतर पळाले होते. काखेत फळी. लोक बाजूला झाले नाहीत तर तिच्या टोकानं बाजूला केले. पाण्यात टाकली, तिच्यावर झेपावले आणि हातांनी वल्हवत सुटले. इतक्या वेगानं पाण्यावरून माणूस जाताना मी तरी पाहिला नव्हता. त्यांनी बुडी मारली. फळी एकटीच पाण्यावर डोलत राहिली. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. माझा हात भाऊजींच्या खांद्यावर होता आणि त्यांचा खांदा दगडासारखा झाला होता.

त्याचा हात दोरातून सोडवून ते त्याला घेऊन वर आले. त्या माणसानं त्यांच्या गळ्याला मिठी मारलीच. पण या वेळी त्यांनी त्याला ओढून फळीवर आडवा टाकला, आणि लाकूड छातीला लागताच त्यानं गळा सोडून फळीला मिठी मारली. मधुकररावांनी मागून पाय मारत ती काठाकडे आणली. एवढा अवजड माणूस वर आणि दुसरा लटकलेला, तरी फळी पाण्याच्या चार बोटं वर होती. मी मोजली.

काठावर एकच गलका उठला. मधुकररावांना पोरांनी खांद्यावर घेतलं. तिथून खाली उतरल्यावर ते पायरीवर बसले आणि गुडघ्यात डोकं घालून रडले. लोक त्यांच्याभोवती जमले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी आल्या त्याही त्यांच्याच नावानं आल्या, आणि ते योग्यच होतं.

तो वाचवलेला माणूस मात्र अजून पाण्यातच होता. काठापासून चार हातांवर, फळीवर पालथा. त्याला ओकारी झाली, श्वास आला, डोळे उघडले, पण तो फळी सोडेना. दोन्ही बाजूंनी कडा त्यानं अशा धरल्या होत्या की नखं पांढरी पडली होती. मंडळाचे स्वयंसेवक त्याची बोटं सोडवायला लागले. मी पाहिलं तर रुपराव केव्हाच कमरेइतक्या पाण्यात उतरले होते आणि फळीचं टोक दोन्ही हातांनी धरून उभे होते.

"बाबा, बाजूले व्हा. काढू द्या त्याले," एक स्वयंसेवक म्हणाला.

"ते मिस्त्री हायेत," मी काठावरून ओरडलो. "त्याईचीच फळी हाये ते." ढोलांच्या आवाजात कोणाला काही ऐकू गेलं नाही.

रुपरावांनी त्या स्वयंसेवकाचा हात हळूच बाजूला केला. "राहू द्या," ते म्हणाले. "धरू द्या त्याले. ते बुडत नाई."

मग ते खाली वाकून त्या माणसाशी काहीतरी बोलायला लागले. त्याचं नाव, गाव, घरी कोण कोण आहे, असंच काही असावं. तो मान हलवत होता. मागून दुसरे गणपती येत होते, लोक पाण्यात उतरत होते, पुढे सरका म्हणून आरडाओरड चालली होती. त्या माणसाची बोटं एकेक करून सैल होईपर्यंत रुपराव तसेच पाण्यात उभे राहिले.